हिरव्या पट्टीवरच्या सह्या

लोकसभेच्या मतदानाला एका उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून पहाटे साडेपाचला खोडदच्या शाळेत गेले, तर दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बाकावर कोण... ऋषी! माझे पाय दारातच अडखळले. त्याच्याशी बोलून दीड वर्ष झालं होतं. आमची सुपारी फुटायची तारीख ठरली आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका पॅनलमध्ये, त्याचे चुलते दुसऱ्यात. दोन्ही पॅनल टिकली, सोयरीक तेवढी मोडली.

"बस की अश्विनी. बाक एकच हाय."

बसले – मध्ये मतदार यादी ठेवून.

आधी मशीनची चाचणी. आम्ही प्रतिनिधींनी बटणं दाबायची, चिठ्ठ्या मोजायच्या आणि सगळं पुसून टाकायचं. मोजलं, तर ऋषीनं दाबलेली सगळी मतं माझ्या उमेदवाराला!

"चुकून?" मी कुजबुजले.

"न्हाई. पुसूनच जाणार व्हतं... म्हणून जरा मनासारखं केलं."

मग केंद्राध्यक्षांनी हिरवी कागदी पट्टी पुढं केली. मशीन सील करण्याआधी तिच्यावर आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. त्यानं केली, त्याखाली मी. लग्नपत्रिकेवर यायची ती नावं अशी मशीनच्या सीलवर आली. हसू आलं.

दिवस तापला. शाई लावून घेताना शेजारच्या बायडाबाईंनी आम्हाला न्याहाळलं. "का गं, तुमचं जमलं का काय परत?"

"काकू, मत द्या," ऋषी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

माझी मत द्यायची पाळी आली तेव्हा केंद्राध्यक्षांनी त्याला विचारलं, "यांना ओळखता ना?"

"लई वर्षांपासून," तो म्हणाला... आणि माझ्याकडं बघितलंच नाही.

दुपारी मतदार थांबले. खिडकीतून गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसत होत्या, सगळ्या एकीकडं तोंड करून. मी त्यांच्याकडंच बघत म्हणाले, "रविवारी ओतूरचे पाहुणे येतायत. मला बघायला."

तो यादीवर रेघा ओढत म्हणाला, "चुलते म्हणतात, निकाल लागूस्तोवर गप ऱ्हा. मग बोलू गेणभाऊंशी."

गेणभाऊ म्हणजे माझे अण्णा.

"निकाल बावीस दिवसांनी आहे, ऋषी. रविवार सहा दिवसांनी." दीड वर्ष मी याच माणसाची वाट बघत होते, आणि तो आणखी थांब म्हणत होता!

संध्याकाळी मशीन एसटीत चढलं. आमच्या सह्याही त्याच्यासोबत गेल्या. मी मागं न बघता घरची वाट धरली... पाठीमागं चपलांचा आवाज येत राहिला, थेट आमच्या दारापर्यंत.

अण्णा ओट्यावर होते. "किती झालं मतदान?"

"सहाशे बारा," माझ्या मागून ऋषीच बोलला. "आणि अण्णा... माझं एक मागणं व्हतं."

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "निकालाच्या आधीच?"

"निकालापर्यंत थांबलो तर मला लई उशीर व्हईल."

अण्णा उठले.

"आधी आत ये. उंबऱ्याबाहेरनं मागणं घालत्यात व्हय?"

मी चहा टाकायला पळाले. साखर घातली की नाही, हे मला आजही आठवत नाही... आणि ऋषी म्हणतो, चहा गोडच होता.