उरलेली फांदी

कुलशोध प्रयोगशाळेच्या भिंतीभर तळवणेकर घराण्याचा वंशवृक्ष उजळला होता. अकरा पिढ्या, आणि संशयाला कुठेही जागा नाही. वंशशास्त्रातला पहिला निर्विवाद वृक्ष. तो रचणारी डॉ. ओवी तळवणेकर त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"तुम्ही आत्याला शोधलंत," ती म्हणाली.

"मी नाही, गणितानं," संचालक डॉ. गोडांबे म्हणाले. "बस तरी."

"मी तिला शब्द दिला होता, सर. तुम्हाला तो ठाऊक होता."

सुलेखा आत्याने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा घरच्या पुरुषांनी तिच्या नवऱ्याचा उजवा हात कायमचा निकामी केला. दोघे नाव बदलून नाहीसे झाले. ओवीने मोठी झाल्यावर, जुन्या कष्टाच्या मार्गाने, तिला हुडकले होते. "तू आलीस, ते गोड मानते," आत्या म्हणाली होती, "पण तुझ्यामागनं दुसरं कुणी येता कामा नये." तिने रक्ताचा थेंब दिला नाही. ओवीने मागितलाही नाही.

"तिचा नमुना आपल्याकडे नाही. मग सापडली कशी?"

"रिक्तस्थान-निश्चिती. अगं, पाया तूच घातलास! एका नवजात बाळाची जनुकतपासणी होते. भावंडाचं नातवंड जुळावं, तितकं ते तुझ्या अप्पांशी जुळतं. अप्पांना भावंडं दोनच. दादाकाका आजन्म ब्रह्मचारी. उरलं कोण?"

"आणि बाळाच्या आईबापांनी यासाठी संमती दिली?"

"संमतीच्या चौकोनात बोट टेकवलं. सगळेच टेकवतात." गोडांबे कौतुकाने हसले. "एखाद्या गबाळ्या वृक्षात शंभर शक्यता निघाल्या असत्या. तू प्रत्येक फांदी भरलीस, म्हणून रिकामी एकच राहिली. नकार देणाऱ्याचा पत्ता होकार देणारे सांगतात, ओवी. आता वृक्ष निर्विवाद असल्याची तुझी मुद्रा उमटव, की पत्ता अर्जदाराला जाईल. शास्त्रीय कारणाशिवाय अडवता येणार नाही तुला."

विद्वत्तेला सभ्य भाषेत नीचपणा करता येतो, हे ओवीने पुष्कळ ग्रंथांत वाचले होते. आपल्या गुरूच्या तोंडून ती प्रथमच ऐकत होती.

"अर्जदार कोण?"

"मी," दारातून अप्पा म्हणाले.

लहानपणी इतर मुले परवचा म्हणत, तेव्हा ओवी पिढ्या म्हणे. चुकली की अप्पा कान पिरगाळत, बिनचूक म्हटल्या की खडीसाखर देत आणि शेवटी विचारत, "आणि आत्या कुठंय? ते आमची ओवी शोधणार!" त्या लाडावर तिने शिक्षण, व्यवसाय आणि उभे आयुष्य रचले होते.

"भेटायचंय तुम्हाला तिला?" आपल्या आवाजात अजून आशा आहे, हे जाणवून तिला स्वतःचाच राग आला.

"भेटून काय ओवाळून घ्यायचंय?" अप्पा खुर्चीत टेकले. "हक्कसोडपत्रावर सही पाहिजे तिची. त्यावाचून डोंगराकडची जमीन विकता येत नाही."

"म्हणजे मला पिढ्या शिकवल्यात, त्या यासाठी?"

"मग काय, तुझा गळा गोड होता म्हणून? पण चांगली निपजलीस हो."

ओवी वळली. ती वृक्षावरच्या अप्पांच्या पिढीपाशी गेली.

"सर, भावाचं नातवंड आणि बहिणीचं नातवंड, यांत गणित फरक करतं?"

"या बाळाच्या बाबतीत नाही. दोन्ही नाती तेवढीच जवळची. पण दादाकाका तर—"

"निःसंतान, असं मी लिहिलं. कशावरून? अप्पांच्या शब्दावरून. ब्रह्मचर्याची चाचणी अजून निघालेली नाही, आणि अप्पांचा शब्द यापुढे मी पुरावा मानत नाही." दादाकाकांच्या नावापुढचा 'निःसंतान' तिने पुसला आणि 'अनिर्णित' लिहिले. "शक्यता दोन झाल्या. नियमाप्रमाणे पत्ता बंद."

"निर्विवाद वृक्ष गेला आपला!" गोडांबे ओरडले.

"शिवाय ते बाळ दादाकाकांचं नातवंड ठरलं, तर ते सही देणार नाही, अप्पा. तुम्ही गिळलेला दादाकाकांचा हिस्सा मागेल."

अप्पांचा चेहरा उतरला. "काय वाटेल ते बोलू नकोस. खोटं आहे हे! सिद्ध करता येईल."

"येईल ना. दादाकाकांचं रक्त आणा, नाही तर आत्याचं," ओवी शांतपणे म्हणाली. "त्यांना तुम्ही अग्नी दिलात, आणि तिच्या नावानं अंघोळ केलीत."