कोरसमधली माणसं

रविवारी सकाळी यामिनी भजनाच्या तालमीला महाराष्ट्र मंडळात गेली, की चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात वाईट संगीत सुरू होतं. 'वाईट' हा शब्द तिचा, म्हणजे माझ्या बायकोचा. माझा शब्द हार्डकोर पंक असा आहे, पण तो मी ऑफिसात उच्चारत नाही. जलसंपदा खात्यातल्या बावन्न वर्षांच्या हेडक्लार्कने, त्यातून दिवाळी अंकात विनोदी लेख लिहिणाऱ्याने, जुन्या गझला ऐकाव्यात अशी लोकांची समजूत असते. कुणी विचारलं तर मी गझलाच सांगतो.

गाणं दीड मिनिटाचं असतं. पंडरीच्या बाजारात बंदच्या दिवशी सगळी शटरं एकदम ओढली जावीत तसा ड्रम. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यावर दातांत जाणवतं तशी गिटार. आणि बस चुकली, आणि त्याच बसमध्ये आपलं घर होतं, असा ओरडणारा एक माणूस. सुरुवातीला सगळी गाणी सारखीच वाटतात. वीसेक वर्षांनी फरक कळू लागतो.

या गाण्यांतली माझी आवडती गोष्ट म्हणजे कोरस. ध्रुवपद आलं की बँडचे सगळे, शिवाय स्टुडिओत चहा प्यायला आलेले मित्रसुद्धा, एका माइकभोवती गोळा होऊन ओरडतात. कानाला सवय झाली की त्यातली माणसं वेगळी काढता येतात. एक माइकच्या फार जवळ, एक उशिरा सुरू होणारा, एकाला सर्दी. मी आणि माझा मित्र धर्मपाल ती मोजतो. आपापल्या कागदावर आकडा लिहायचा, मग कागद उघडायचे. नियम दोनच. पहिल्यांदा ऐकताना कुणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्यांदा धर्मपालला सोबत ओरडायची परवानगी. मला ती कधी लागली नाही. मी दाद देणारा माणूस.

धर्मपाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तीस वर्षं हातोड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे तो घरात मीठ मागायचा तरी शेजारी दचकायचे. राहायला बीरगांवला. तिथे त्याच्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, लागून एक स्पंज आयर्नचा कारखाना आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकलेल्या डाळीवर, तुळशीवर, बोधिवृक्षाच्या कुंडीवर, कसलाही भेदभाव न करता काळी धूळ बसते. धर्मपालच्या बायकोचं, सरितावहिनीचं, फुप्फुस त्यात गेलं. दोन वाक्यं बोलली की तिला तिसऱ्यासाठी थांबावं लागतं. आता त्या कारखान्याला दुप्पट व्हायचं होतं आणि त्यासाठी जनसुनवाई लागली होती. सरकारी अधिकारी मांडव टाकून बसतात, माइकवर ज्याला जे म्हणायचं ते म्हणू देतात, आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. पाऱ्याची कमिटी होती, तिच्यातर्फे बोलणार धर्मपाल. तीन आठवडे उरले होते.

त्या रविवारी माझं पार्सल आलेलं होतं. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी चार छोट्या रेकॉर्डी मागवल्या होत्या. निघाल्या पाच. पाचवीचं कव्हर कोरं, लेबल पांढरं. शेवटच्या खाचेजवळ नंबर कोरलेला असतो, तोही नव्हता. विक्रेत्याला मेल केला, तर त्याने लिहिलं की चारच पाठवल्या, वजनाची पावती जोडत आहे. पावतीतलं वजन चारांचंच होतं. टपालखात्याकडून जास्तीचं काही मिळाल्याची तक्रार कुठे करतात हे मला माहीत नसल्यामुळे मी ती लावली.

इतकं काळं काही मी ऐकलं नव्हतं. गाणं सुरू होत नाही, आधीपासून चालू असतं आणि आपण दार उघडतो. आणि मग कोरस. शब्द नाहीत, चार वेळा नुसतं 'ओऽ'. पण असं, की माझ्या कपातल्या चहावर वर्तुळं उठली.

आम्ही कागद उघडले. दोघांचेही पाच.

"पाच जणांत एवढा दम?" धर्मपाल म्हणाला. "आमच्या युनियनमध्ये पाचशे होते, भाऊ, गेट मीटिंगले माशी नव्हती उडत."

आम्ही पुन्हा लावली. धर्मपाल ओरडायला उठला, तेवढ्यात यामिनी दारात. तालीम लवकर सुटली होती.

"अहो, बंद करा ते!" ती कोरसच्या वरच्या पट्टीत ओरडली. "बकरा कापून राहिले का घरात?"

मी सुई उचलली. धर्मपाल "जय भीम, वहिनी" म्हणून चपला शोधू लागला. यामिनी दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर, दळण आणायला निघालेल्या माणसाला आपण डबा कुठे ठेवला हे आठवू नये, तसं काहीतरी होतं.

"चालू द्या," ती म्हणाली. "मी चहा ठेवते."

तो आठवडा मला सुखाचा गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. ओला टॉवेल पलंगावर राहिला, ती काही बोलली नाही. गॅस सिलेंडर सांगायला विसरलो, ती काही बोलली नाही. बुधवारी तिच्या भावाने फोनवर नागपूरच्या घराच्या वाटणीतून तिचं नाव वगळल्याचं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं, "बरं" म्हणाली आणि वाटाणे सोलत बसली. सव्वीस वर्षांच्या संसारात मी अशी शांतता मागितली होती. मिळाल्यावर मी तिच्याकडे पाहायचं टाळू लागलो.

पुढच्या रविवारी आम्ही कागद उघडले. माझे सहा, धर्मपालचेही सहा.

"मागच्या हप्त्यात पाच होते," मी म्हणालो.

"तुमचे कान बी सरकारी झाले, निरंजनभाऊ. साडेपाचले बंद होतात." पण तो हसला नाही. "सहावी बाई आहे."

बाई होती. बाकीच्या आवाजांपासून जरा लांब, डाव्या बाजूला, दारात उभं राहून ओरडावं तशी. मी म्हटलं, मागच्या वेळी चहाची वर्तुळं पाहण्यात लक्ष गेलं असेल. स्वयंपाकघरातून यामिनीने विचारलं, "पोहे करू का?" त्या आवाजाला धार नव्हती.

"हे पाहा," धर्मपाल म्हणाला, "आमच्या कमिटीचे लोक माइक दिसला की दबून जातात. सर, साहब, माननीय. त्याहिले हे ऐकवतो. चाळीस लोक एकसाथ ओरडले पाहिजेत, तवा त्या अधिकाऱ्याचा पेन थांबन." आणि त्याने सुई पुन्हा ठेवायला लावली, पाय रोवले आणि कोरस येताच ओरडला. खिडकीची काच वाजली. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उठली.

मग पुन्हा एकदा मोजायचं म्हणून तिसऱ्यांदा लावली. आता तोंड बंद ठेवून.

मी कागदावर सात लिहिलं. सातवा आवाज मी अंधारातही ओळखला असता. शेवटच्या 'ओऽ'ला तो किंचित फाटत होता, तीस वर्षं हातोड्यांवर चढवलेला.

धर्मपाल समोर बसलेला होता, मांडीवर हात ठेवून, ओठ मिटलेले.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही घाबरला असाल. घाबरलो, पण दुसऱ्यांदा. सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते हे, की काय सुंदर लागलाय. सहा जणांत जी पोकळी होती ती त्याने बरोबर भरली होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"चांगलं आहे," धर्मपाल म्हणाला. हळू. मला पुढे वाकावं लागलं.

निघताना खाली गल्लीत एका कारवाल्याने धर्मपालची उभी स्कूटर पाडली, वर त्यालाच दोन शिव्या दिल्या. एरवी धर्मपालने त्याला गाडीतून काढून नियम समजावले असते. त्याने स्कूटर उचलली, आरसा पुसला. "जाऊ द्या," म्हणाला. "त्याले घाई असन." मग हात पुढे केला. "रेकॉर्ड देता ना? कमिटीले सांगून ठेवलं आहे."

मी रेकॉर्ड कुणाला देत नाही. लग्नात आलेली भांडी देईन, रेकॉर्ड नाही. आणि तोपर्यंत मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण एखाद्या फाइलवर सही करू नये हे जेवढं कळतं तेवढं नक्की कळलं होतं. तरी मी ती दिली, वर माझा छोटा प्लेयरही दिला. चाळीस आवाजांनी तो कोरस कसा लागेल, हे मला ऐकायचं होतं.

सुनवाईला मी अर्धी रजा टाकून गेलो. मांडव भरलेला होता. कमिटीचे सगळे पुढच्या रांगांत, मांडीवर हात ठेवून. एकेक जण उठून माइकवर जात होता. कोई आपत्ति नहीं, सर. विकास होना चाहिए, सर. दबून वगैरे कुणी बोलत नव्हतं, भीतीही दिसत नव्हती. प्रत्येक जण इतरांना वाट देत होता. मांडवाच्या पांढऱ्या कापडावर काळी धूळ बसत होती आणि कुणी ती झटकत नव्हतं.

धर्मपाल माइकवर गेला. खिशातून मुद्द्यांचा कागद काढला, तो पाहिला, पुन्हा त्याची घडी घातली.

"हमको कोई तकलीफ नहीं है, सर," तो म्हणाला.

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. सरितावहिनी उभी राहिली होती. ती माइकपर्यंत आली, तोंड उघडलं, आणि पहिल्या शब्दासाठी लागणारी हवाच सापडेना. अधिकारी सौजन्याने थांबला. मग घड्याळाकडे पाहून त्याने पुढचं नाव घेतलं.

ती माझ्या रांगेपाशी आली. "भाऊजी, तुम्ही बोला." थांबली. "तुमचं ऐकतात लोक."

मी गेलो. चाळीस शांत चेहरे माझ्याकडे वळले. मला ओरडायचं होतं, पण कुठून सुरुवात करतात हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो की बीरगांवात सकाळी पांढरा शर्ट घातला तर संध्याकाळी काळ्या पँटला मॅचिंग होतो. सगळ्यात जास्त अधिकारी हसला. चांगला माणूस होता. माझं नाव लिहून घेतलं.

सरितावहिनी शनिवारी आमच्या घरी आली, भर दुपारी, ऑटोने. बरोबर कापडी पिशवी. पिशवीत रेकॉर्ड, आणि प्लास्टिकच्या पाकिटात चार पानांचा अर्ज.

"लेखी हरकत आज पाचपर्यंत घेतात," ती म्हणाली. थांबली. "कमिटीतलं कोणी सही करत नाही. हे बी नाही. म्हणतात, असू दे." पुन्हा थांबली. "माझी एकटीची केली. इथून सीधी ऑफिसले चालली."

"कमिटी रेकॉर्ड लावून ओरडली, त्या तालमीला तुम्ही नव्हता?"

"मले मशीन लागली होती. श्वासाची." ती सोफ्याच्या कडेला टेकली. तिच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती. "घरी आता कोणी ओरडत नाही, भाऊजी. काल माझ्या हातून वरणाचं भांडं पडलं, त्याहिनं पुसून घेतलं. तीस वर्षं त्या माणसाच्या ओरडण्याले कटकट म्हटलं मी." तिने रेकॉर्ड माझ्यापुढे धरली. "ह्याच्यात आहेत म्हणे ते. एक वेळ ऐकू द्या."

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "ऐकायचं फक्त. सोबत ओरडायचं नाही."

"मले कुठं दम आहे ओरडायले?"

यामिनी पाणी ठेवून हसली आणि आत गेली. मी सुई टेकवली.

गाणं तेच होतं, पण खोली त्याला लहान पडली. शटरं, ट्रान्सफॉर्मर, तो ओरडणारा माणूस. सरितावहिनी स्पीकरजवळ सरकली. पहिला कोरस आला तेव्हा मी मोजायचा प्रयत्नही केला नाही. पूर्ण पारा होता त्यात. गल्ल्या होत्या. आणि मधोमध तो, किंचित फाटणारा.

"हे आमचे," ती म्हणाली. तिने स्पीकरच्या जाळीवर पालथा हात ठेवला, ताप पाहतात तसा. डोळे मिटले.

दुसऱ्या कोरसच्या आधी गाणं थांबलं.

इथे पूर्वी थांबत नव्हतं. गिटार गेली, ड्रम गेला. सुई फिरत होती. मग त्या शांततेत आवाज आला. चाळीस-पन्नास माणसं एकदम श्वास आत घेत होती. सावकाश, खोल, एकमेकांना सांभाळून.

सरितावहिनीने त्यांच्याबरोबर श्वास घेतला.

शिट्टी थांबली. तिचे खांदे वर उचलले गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि छाती भरतच गेली. तीन वर्षांत तिला इतकी हवा मिळालेली मी पाहिली नव्हती. मांडीवरचा अर्ज घसरून फरशीवर पडला. तिचं तोंड उघडलं.

माझा हात सुईच्या दांड्यावर होता. उचलायला एक बोट पुरतं.

मी उचलली नाही. कोरस अजून यायचा होता.