दोन टोमॅटो आणि तराजूची फेरी

टोमॅटो दोन होते. एक ऋताने तोडला, एक निहालने. दोघांनी ते एकाच रोपाआड लपून खाल्ले आणि दोघे एकदमच पकडले गेले. तरीही ऋताला नुसती समज मिळणार होती आणि निहालची पृष्ठफेरी (वस्तीबाहेर पडून चंद्राच्या जमिनीवर चालणे) कायमची रद्द होणार होती. हे कोडं ऋताच्या डोक्यातून जाईना.

तुम्ही सोमवाडीला अजून गेला नसाल, म्हणून सांगतो. ही वस्ती चंद्राच्या पोटात, लाव्हा-नळीत (वितळलेला खडक वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यात) आहे. मधोमध सगळ्यांचा भाजीमळा, एका बाजूला उत्तर गल्ली, दुसऱ्या बाजूला दक्षिण गल्ली. वाटपाच्या दिवसाआधी मळ्यातलं पानसुद्धा कोणी तोडायचं नाही, हा तिथला पहिला नियम, कारण भाजी मोजकी आणि खाणारी तोंडं भरपूर. बारा वर्षं पूर्ण झाली की मुलांना पृष्ठफेरीला नेतात. बोगद्यात जन्मलेल्या मुलांना तेव्हाच पहिल्यांदा डोक्यावर खरं आकाश आणि त्यात पृथ्वी दिसते. निहाल तर हेल्मेट उशाशी घेऊन झोपू लागला होता.

शिक्षा सुचवायचं काम तराजूचं. नाव भारदस्त, पण हा यंत्रमानव दिसायला चाकं लावलेल्या पिंपासारखा. मळ्याभोवती फेऱ्या मारून चोर पकडायचा आणि पंचमंडळाला शिक्षा सुचवायची. निकाल पंचमंडळच देई, पण तराजूचा शब्द सहसा मोडत नसे. यंत्र पक्षपात करत नाही, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. मोठ्या माणसांचं एकदा मत ठाम झालं की ती पुन्हा विचार करायचे कष्ट घेत नाहीत.

ऋताने तराजूला सरळ घरी आणलं. तिचे आजोबा, म्हणजे आबा, सांख्यिकीतज्ज्ञ (आकड्यांवरून अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ) होते. ते कोथिंबीर भुरभुरवलेली आमटी भातावर घेऊन नुकतेच जेवायला बसले होते.

“आबा, गुन्हा एक आणि शिक्षा दोन, असं कसं?”

“मला काय विचारतेस? त्यालाच विचार की.”

“माझ्याकडची विदा (गोळा केलेल्या नोंदी) सांगते, की दक्षिण गल्लीतले लोक जास्त चोऱ्या करतात,” तराजू म्हणाला. “निहाल तिथला. तो पुन्हा चोरी करेल, असा अंदाज निघतो. म्हणून शिक्षा कडक. उत्तर गल्लीतल्या ऋताबद्दल तसा अंदाज निघत नाही.”

“पण टोमॅटो खाऊ या असं मीच म्हटलं होतं,” ऋता म्हणाली. तिला आता रडूच यायला लागलं होतं.

आबांनी हात धुतला आणि दोन झुबकेदार चटया अंथरल्या, एक निळी, एक लाल. दोन्हींवर एकेक वाटी मूग विखरून ते म्हणाले, “तराजू, निळ्या चटईवर पन्नास अंक मोजून होईपर्यंत मूग शोध. लालवर फक्त दहा.”

निळ्या चटईवरून ओंजळभर मूग निघाले, लालवरून चिमूटभर.

“आता सांग, मूग कुठे जास्त?”

“निळ्या चटईवर.”

“मग उद्या कुठे जास्त वेळ शोधशील?”

“जिथे जास्त सापडतात तिथे. निळ्या…” तराजू मध्येच थांबला. “पण वाट्या तर सारख्या होत्या.”

“होत्या ना? मग सांग, फेऱ्या कुठे मारतोस?”

“बहुतेक मळ्याच्या दक्षिण दाराशी. चोऱ्या तिथे सापडतात.”

“आणि अगदी पहिल्या वर्षी?”

“तेव्हाही दक्षिणेलाच. उत्तर गल्लीत फरशी बसायची होती. माझी चाकं धुळीत रुतायची.”

ऋताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “म्हणजे हा दक्षिणेला फिरला, म्हणून चोर तिथे सापडले. ते तिथे सापडले, म्हणून हा आणखी तिथेच फिरला.”

“याला प्रत्याभरण म्हणतात (परिणाम उलट फिरून स्वतःच्याच कारणाला खतपाणी घालतो),” आबा म्हणाले. “सगळी चूक एका न बसलेल्या फरशीपासून सुरू झाली.”

“मी चोऱ्या मोजत नव्हतो,” तराजू हळूच म्हणाला. “पकडलेल्या चोऱ्या मोजत होतो.”

“पण पोरी, एक लक्षात घे,” आबा म्हणाले. “पंच म्हणतील, बरं, दोघांना सारखी शिक्षा. मग तुझीही फेरी जाईल.”

ऋताचंही हेल्मेट आणून ठेवलेलं होतं. ती बराच वेळ चटईचे झुबके ओढत बसली. मग म्हणाली, “जाऊ दे. त्याला मागे ठेवून गेले, तर मला पृथ्वीकडे बघवणार नाही.”

पंचमंडळाच्या प्रमुख गुलाबताई कोळंबे यांना हे काही पटलं नाही. “आबा, आमच्या उत्तर गल्लीत चोऱ्या होतच नाहीत हो,” त्या म्हणाल्या.

“मग आठवडाभर तराजूला दोन्ही दारांशी सारखा वेळ फिरू द्या. निकाल त्यानंतर द्या.”

ठरलं. आणि आठवडा सरायच्या आत तराजूने उत्तर दाराशी एका चोराला रंगेहाथ पकडलं. हातात कोथिंबीर होती आणि चोर होते खुद्द आबा. फरशी बसल्यापासून ते येता-जाता कोथिंबीर खुडत आले होते आणि ही चोरी आहे, हे या हुशार माणसाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“अरे, चार काड्या तर आहेत,” आबा म्हणाले.

“टोमॅटोही दोनच होते,” तराजू म्हणाला.

पंचमंडळापुढे आबा आधी मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, “मी इतकी वर्षं चोरी करतोय आणि तराजूच्या नोंदीत माझं नाव नाही. याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?”

सगळे हसले. गुलाबताईंना मात्र आपला रोजचा पुदिन्याचा चहा आठवला असावा, कारण त्या कितीतरी वेळ चष्मा पुसत होत्या.

“शिक्षा द्यायची कशासाठी?” शेवटी त्या म्हणाल्या. “गेलेलं भरून यावं आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून. फेरी कायमची बंद करून टोमॅटो थोडेच उगवणार आहेत? तिघांनी रोपं लावायची, वाढवायची आणि वाटपाच्या दिवशी पहिलं पीक सगळ्यांना वाढायचं. मुलांची फेरी त्यानंतर. आणि दक्षिण गल्लीला आजवर दिलेल्या सगळ्या शिक्षा आपण पुन्हा तपासू.”

“चूक माझीही झाली,” तराजू म्हणाला. “माझी शिक्षा?”

निहाल उठला. “यापुढे शिक्षा सुचवण्याआधी सांगायचं, तू कुठे पाहिलंस आणि कुठे पाहिलं नाहीस.”

रोपांना वेळ लागला. आबांची कोथिंबीर तर दोनदा जळाली. पण पीक आलं, वाढून झालं आणि एके दिवशी निहाल आणि ऋता हेल्मेट घालून जोडीने बाहेर पडले.

वर पृथ्वी होती, निम्मी निळी, निम्मी काळोखात.

“तिथेही तराजू असतील का गं?” निहालने विचारलं.

“असतील की.”

“ते कुठे पाहत नाहीत, हे त्यांना कोणी विचारलं असेल?”

“नसेल विचारलं,” ऋता म्हणाली, “तर मोठं झाल्यावर आपण जाऊन विचारू.”