खंडेनवमीचा कोयता

"हा एक घाव बसू दे, मग बघा," जयसिंगकाका पुन्हा म्हणाले. वैभवीनं बघितलं आणि तिला रडूच आलं, कारण फांदी जागची हलली होती, तुटली नव्हती.

नाल्याकाठच्या घाणेरीच्या जाळीत, खूप आत, भुरी कण्हत होती. काल संध्याकाळी शेतावरची ही कुत्री साखळीसकट पळाली, ती इथे येऊन अडकली होती. दसऱ्याच्या सुट्टीत देवासहून लोहारद्याला, काकांच्या गावी, आलेल्या वैभवीनं आणि तिच्या चुलतभावानं, हर्षितनं, सकाळपासून हाका मारमारून तिचा पत्ता लावला होता. सापडली खरी, पण गाठायची कशी? सकाळी भुंकत होती, आता नुसती कण्हत होती. तिला बांधायचा बाभळीचा एवढा भक्कम खुंटा मोडला कसा, हे कोडंही हर्षितला सुटत नव्हतं. वाळवी लागली असेल, असं काका म्हणाले होते.

काकांच्या हातात त्यांचा नवा सुरा होता. हातभर लांब, भलता जाड, पाठीवर करवतीचे दात. काल दुपारी पार्सल आल्यापासून त्यांनी तो खाली ठेवला नव्हता. जेवतानाही मांडीशी घेऊन बसले होते. हा सुरा असला की माणूस कुठल्याही जंगलात महिनाभर राहू शकतो, असं जाहिरातीत लिहिलं होतं. घाणेरीनं ती जाहिरात वाचलेली नव्हती. काका घाव घालत, फांद्या मागे झुकत आणि सपकन परत येऊन त्यांच्याच हातावर ओरखडे काढत.

"काका, अपन घरून कोयता आणू ना. ये तो कट ही नहीं रही," हर्षित म्हणाला.

काकांनी मान हलवली. आज खंडेनवमी. पणजोबांच्या तलवारीपासून खुरप्यापर्यंत घरातलं प्रत्येक हत्यार पूजेत बसलेलं. उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि आपल्या घराण्यात आजवर कुणी लावलेला नाही. त्यांचा सुरा तेवढा पूजेतून सुटला होता, कारण तो पाटावर ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"उद्या सकाळी बघू," काका म्हणाले आणि झाडाखाली टेकले.

उद्या सकाळपर्यंत भुरी राहणार नव्हती. वैभवीला ते कळत होतं. काकांनाही कळत असावं, कारण ते तिच्या डोळ्यांत बघत नव्हते.

तिनं उगाच एक फांदी धरून ढकलली. फांदी झुकली. मग रागानं आपल्याकडे ओढली, तशी ती ताठ झाली. वैभवी थबकली. ढकलली की निसटते, ओढली की ताणते! मग हिला जड सुरा काय कामाचा? हिला हवं पातळ, वाकडं पातं, फांदीला धरून ओढणारं. आणि दांडा लांब हवा, म्हणजे हात काट्यांबाहेर राहतील. असलं पातं तिनं आज सकाळीच पाहिलं होतं, पूजेच्या पाटावर, तलवारीच्या शेजारी.

भुरीशी बोलत राहा, असं हर्षितला सांगून ती घराकडे धावली.

काकांची मोठी बहीण, माई, स्वयंपाकघरात होती. देवघरात कुणी नव्हतं. वैभवीनं हात जोडले, झेंडूची फुलं बाजूला केली आणि वाकड्या चोचीचा तो जुना कोयता उचलला. माई आपल्याला कधीच माफ करणार नाही, असं तिला वाटलं. तरी ती थांबली नाही.

जाळीपाशी परतताच ती कामाला लागली. चोच फांदीमागे अडकवायची, झटक्यात ओढायची. फांदी खाली! हर्षित तोडलेल्या फांद्या मागे खेचू लागला. पण अर्धी वाट झाली आणि आतला आवाज बंद पडला.

"दीदी, वो चुप हो गई," हर्षित म्हणाला.

आता काही उपयोग नाही, असं वैभवीच्या मनात येत होतं आणि हात चालतच होते.

भुरी डोळे मिटून पडली होती. साखळी मुळांत गुंतली होती आणि टोकाला अर्धा खुंटा लोंबत होता. हर्षितनं तिच्या तोंडात पाणी सोडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग जीभ जराशी हलली.

भुरीला बाहेर आणल्यावर हर्षितनं तो खुंटा काकांपुढे धरला. अर्ध्यापर्यंत तो करवतलेला होता, उरलेला मोडलेला. "काका, ये आपके सुरे के दाँत हैं ना?"

काकांची मान खाली गेली. धार कशी आहे ते बघत होतो, असं ते पुटपुटले.

घरी माई दारातच उभी होती. कोयत्यावर हिरवा चीक होता, कुंकू फिसकटलं होतं.

"माई, मी पूजा मोडली," वैभवी कशीबशी म्हणाली.

माईनं सगळं ऐकून घेतलं. हर्षित कोयता धुवायला निघाला, तशी तिनं त्याला अडवलं. "धुऊ नकोस. असाच पाटावर ठेव. आज एवढ्या हत्यारांना आपण फुलं वाहिली, पण कामाला आलं हे एकटं." काकांनी हळूच विचारलं, की त्यांचा सुराही ठेवायचा का. "त्याला आधी कांदा चिरून दाखवायला सांग," माई म्हणाली.

मग तिनं कोयत्यावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि वैभवीच्या कपाळाला लावलं. "शहाणी माझी बाई ती."

ओसरीत गोणपाटावर भुरी अजून डोळे मिटूनच होती. जगेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. वैभवीनं पाण्याची वाटी तिच्या तोंडाजवळ सरकवली. या वेळी भुरीनं आपणहून मान उचलली.