अडीच सेकंदांचा गचका

मृण्मयी दर रविवारी सकाळी चंद्रावरून विमान उडवायला यायची, आणि दर रविवारी डॉक्टर निमकर तिला उशीर झाला म्हणून रागवायचे.

"सात म्हणजे सात," ते माईकमध्ये म्हणायचे. "चंद्रावर घड्याळं मिळत नाहीत का?"

अडीच सेकंदांनी उत्तर यायचं. "सॉरी बाबा. शिफ्ट आत्ता संपली."

"शिफ्ट बदलून घे मग."

मिरजेबाहेर, दंडोबाच्या डोंगराच्या अलीकडे एक उघडा माळ आहे. रिमोटवर छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींनी तिथे मुरूम ठोकून धावपट्टी केली होती. डॉ. पराग निमकर त्या मंडळींतले सर्वांत जुने, आणि खरं सांगायचं तर सर्वांत खवचट. आयुष्यभर मिरजेत दातांचा दवाखाना चालवला. पेशंटने आ केला तरी "एवढा नको, इतकाच" म्हणून सांगणारा हा माणूस. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बायको गेली तेव्हापासून घरात रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. एकुलती एक लेक चंद्राच्या तळावर बर्फापासून पाणी काढायच्या कामाला. मातीची म्हणून हौसेने मृण्मयी नाव ठेवलं, तर पोरगी मातीच सोडून गेली! रविवारचा हा अर्धा तास, एवढीच काय ती बापलेकीची भेट. ती भेट गेली तर आपल्या आठवड्यात दुसरं काहीच नाही, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. बोलून दाखवायची मात्र काय बिशाद!

आता चंद्रावर हवा नाही. विमान तिथे उडणार कशावर? म्हणून मृण्मयीचं लाल विमान इथेच, बाबांच्या गाडीच्या डिकीत असायचं. डॉक्टर ते काढायचे, पंख बसवायचे, बॅटरी लावायचे, पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघायचे आणि धावपट्टीवर ठेवायचे. विमानाच्या नाकावरचा कॅमेरा जे बघेल ते तिला तिथे दिसायचं. ती तिथे रिमोटची स्टिक हलवायची, विमान इथे वळायचं. ऐकायला सोपं आहे. पण खरी मेख पुढेच आहे.

रेडिओच्या लहरी कितीही वेगाने धावल्या तरी चंद्रावर पोचायला त्यांना सव्वा सेकंद लागतो, आणि परत यायला आणखी सव्वा. म्हणजे मृण्मयी जे बघते ते आधीच शिळं, आणि तिने दिलेला हुकूम पोचतो तोवर आणखी शिळा. एकूण अडीच सेकंद. तेवढ्यात हे विमान पन्नासेक मीटर पुढे गेलेलं असतं. समोर बाभूळ दिसली म्हणून तिने वळवलं, तर वळायचा हुकूम बाभळीत अडकलेल्या विमानाला मिळणार. हसू नका, चंद्रावरून उडवलेल्या तिच्या पहिल्या विमानाचं अस्संच झालं होतं.

यावर तोडगा काढला शाहीन मुजावरने. ही मिरजेचीच पोर. लहानपणी डॉक्टरांनीच तिची किडकी दाढ काढली होती. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती, आणि सुट्टीला घरी आली की माळावर चक्कर टाकायची. तिने काड्यापेटीएवढी एक डबी लाल विमानात बसवली. तिचं नाव पूर्वहस्त.

"म्हणजे काय करते ही?" डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं.

"काका, तुमचा टपरीवाला तुम्हाला लांबून येताना बघून चहा टाकतो ना?"

"टाकतो. कमी साखरेचा."

"तुम्ही मागायच्या आधी. कारण तुम्ही काय मागणार हे त्याला पाठ आहे. तसंच हे. मृण्मयी पाचवीत होती तेव्हापासून तिचे हात कधी, कुठे, किती वळले ते सगळं क्लबच्या रिमोटमध्ये साठलंय. पूर्वहस्त त्यावरून शिकतो. आत्ता इथे, या वाऱ्यात, तिने काय केलं असतं? तो ते लगेच करून मोकळा होतो. तिचा खरा हुकूम मागाहून येतो."

"आणि मी त्या दिवशी कॉफी मागितली तर?"

"तर त्याला चहा फेकून द्यावा लागतो," शाहीन हसली. "तिचा हुकूम वेगळा निघाला की पूर्वहस्त आपलं सोडतो आणि तिचं ऐकतो. शेवटी मर्जी तिची. पण त्या सांध्यावर विमान जरासा गचका खाणार. त्याला इलाज नाही."

डॉक्टरांना तो गचका डोळ्यांत खुपायचा. त्यांचं स्वतःचं निळं विमान तिच्या मागोमाग असायचं, आणि शिकवायची त्यांची पद्धत जुनी, कडक. पहिला नियम, उडवताना तोंड बंद. बोलायचं ते आधी आणि नंतर. दुसरा नियम, बाबांच्या विमानाने पुढे येऊन पंख हलवले की चुकलं असं समजायचं आणि तेच पुन्हा करायचं. मृण्मयी पाचवीत असताना समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं हे तिच्या ध्यानात राहीना, तेव्हा त्यांनी पंख हलवून हलवून तिच्याकडून एकच वळण पूर्ण सकाळभर घोटून घेतलं होतं. ती रडली होती. पण शिकली होती. आता चंद्रावरून तिची कोलांटी गोल व्हायची, आणि वर टोकाला पोचता पोचता तो मेला गचका. डॉक्टर लगेच पंख हलवायचे. पुन्हा. गचका. पुन्हा.

"बाबा, तो माझ्या हातात नाहीये," ती नंतर फोनवर म्हणायची. "तो अंतराचा आहे."

"कारणं सांगू नकोस. कोलांटी कोलांटीसारखी झाली पाहिजे."

आणि मग दिवाळीनंतर गचका गेला. एकदम गेला. कोलांटी परातीसारखी गोल, वळणं आखीव, लँडिंग धावपट्टीच्या मधोमध. डॉक्टर मनातल्या मनात हरखले. सुधारली कार्टी! तिला मात्र तसं काही म्हणाले नाहीत. कौतुक केलं की पोरं शेफारतात, हे त्यांचं ठाम मत. सवयीने पंख हलवत राहिले, एवढंच.

माघात शाहीन आली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. विमानं उतरवून झाल्यावर ते छाती काढून म्हणाले, "बघितलंस? दिवाळीपासून एक गचका नाही! तू म्हणाली होतीस इलाज नाही. इलाज असतो, शिकवणारा पाहिजे."

शाहीन हसली नाही. "एकही नाही?"

"एकही नाही."

"काका, बारीकसा तरी?"

"अगं, नाही म्हणतोय ना!"

ती लाल विमानाशेजारी उकिडवी बसली आणि उगाचच त्याच्या शेपटीवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तो चहावाला आठवतो? रोजचं गिऱ्हाईक असलं तरी कधीतरी 'आज आलं जास्त घाल' म्हणतंच. माणूस आहे म्हटल्यावर गचका येणारच. कधीच येत नाही म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चहा रोज ओतला जातोय, पण गिऱ्हाईक बाकावर नाहीये." तिचा आवाज खाली गेला. "पलीकडून हुकूम आले नाहीत, तर विमान कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून पूर्वहस्त एकटाच सगळं उडवून खाली उतरवतो. ती सोय मीच ठेवलीय. सुरुवातीला 'बाबा, मी तयार' म्हणून बटण दाबलं, की मग तिथे कुणी नसलं तरी चालतं."

"तिकडची यंत्रं बिघडली असतील," डॉक्टर तुसडेपणाने म्हणाले.

"असेल," शाहीन म्हणाली. लहानपणी दाढ काढताना "दुखणार नाही" असं तेच तिला ज्या सुरात म्हणाले होते, त्याच सुरात.

आठवडाभर डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली आणि मोडली. पुढच्या रविवारी डिकीतून त्यांनी पिवळी काढली. पिवळी म्हणजे बापलेकीने मिळून केलेलं पहिलं विमान. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या कापून जेवणाच्या टेबलावर केलेलं. गोंद टेबलक्लॉथवर सांडला म्हणून दोघांनीही मृण्मयीच्या आईची बोलणी खाल्ली होती. फार जपलेली वस्तू. डॉक्टरांनी तिच्या पंखांखाली दोन बोटं धरली. तोल अजून पक्का होता.

"बाबा, मी तयार," चंद्रावरून आवाज आला. लाल विमान उडालं. मागून पिवळी उडाली.

डॉक्टरांनी पिवळी लाल विमानाच्या पुढे, अगदी कॅमेऱ्यासमोर नेली. मग इंजिन बंद केलं आणि स्टिक पुढे ढकलली. दातांच्या डॉक्टरचा हात तो, जराही थरथरला नाही. पिवळी नाक खाली घालून सरळ जमिनीत गेली. काटकन आवाज झाला.

ते लाल विमानाकडे बघत राहिले. अडीच सेकंद. एक गचका, देवा. दचकली असेल, हात चुकला असेल, एवढासा तरी! पाच सेकंद गेले. लाल विमान वर गेलं, त्याने परातीसारखी गोल कोलांटी मारली, वळलं आणि मधोमध उतरलं. बाबांनी पंख हलवले की काय करायचं, ते पूर्वहस्ताला ठाऊक होतं. बाबा पडले तर मृण्मयीचे हात काय करतील, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण बाबा कधी पडलेच नव्हते.

ते घरी पोचले तसा तिचा फोन आला. "बाबा, आज छान झालं ना?"

"पिवळी आणली होती आज," डॉक्टर म्हणाले. "कशी दिसत होती?"

अडीच सेकंद.

"मस्तच की! नेहमीसारखी. किती जपलीत बाबा तुम्ही तिला."

डॉक्टरांच्या तोंडात कुणीतरी मारावी तसं झालं. पिवळीचे तुकडे पिशवीत, दाराशीच पडले होते. "अगं, तू होतीस कुठे?" हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. विचारलं, आणि ती "नव्हतेच" म्हणाली तर? मग हा फोनही जाईल. "लँडिंगला जरा घाई केलीस," ते म्हणाले, आणि फोन ठेवून लहान पोरासारखे रडले.

रडणं संपल्यावर राग आला. रागात त्यांना नेहमी बरं वाटायचं. त्यांनी शाहीनला फोन लावला. "माझे हातही साठलेत ना त्या रिमोटमध्ये? मग मलाही कॅमेऱ्यासकट एक डबी बसवून दे. निळ्या विमानात. तिला यायला नको, तर मी तरी उन्हात कशाला उभा राहू? फिट्टंफाट!"

"काका, तिच्याशी बोला ना त्यापेक्षा."

"देणार आहेस की नाही?"

तिने दिली. पण विमानं हवेत असताना बंद करायचं बटण हातात घेऊन कुणीतरी माळावर उभं राहायचं असा क्लबचा नियम होता, म्हणून पुढच्या रविवारी तीच पुण्याहून आली आणि दोन्ही विमानं घेऊन माळावर गेली. डॉक्टरांनी घरच्या घरी माईकमध्ये "सात म्हणजे सात" म्हटलं, "सॉरी बाबा" ऐकलं, बटण दाबलं आणि चहा घेऊन बसले. कसं दणदणीत उट्टं काढलं! चहा मात्र हातातच गार होत गेला.

जरा वेळाने शाहीनचा फोन आला.

"काका, लाल विमान कोलांट्याच मारतंय. उतरतच नाहीये."

"चुकतेय का ती?"

"नाही हो. एकेक कोलांटी गोल. पण झाली की तुमचं निळं पंख हलवतंय. की लाल पुन्हा वर. पुन्हा पंख. पुन्हा वर. मघापासून हेच चाललंय."

"डबी बिघडलीय माझी."

"बिघडलेली नाहीये, काका. मी तपासून बसवलीय. ती तुमच्या हातांवरूनच शिकलीय. मृण्मयीने केलेलं तुम्ही एकदाही पंख न हलवता राहू दिलंय, असं डबीच्या माहितीत नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आणि मृण्मयी? ती काय करतेय?"

"करतेय. बॅटरी संपेपर्यंत करत राहील. तिच्या हातांना थांबायचं माहीत नाही."

खऱ्या मृण्मयीला मात्र थांबायचं माहीत झालं होतं. खरीने दिवाळीनंतर रिमोट खाली ठेवला होता, आणि बाबा एकटे पडू नयेत म्हणून आपले जुने, आज्ञाधारक हात तेवढे मागे ठेवून ती उठून गेली होती. हे डॉक्टरांना आत्ता, गार चहासमोर बसून कळलं.

"बंद कर, शाहीन," ते म्हणाले. "माझं बंद कर. तिला उतरू दे."

थोड्या वेळाने चंद्रावरून फोन आला. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात. "बाबा, आज छान झालं ना?"

लँडिंगचं काहीतरी डॉक्टरांच्या तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "छान झालं, मृणू. फार छान. काही चुकलं नाही तुझं. तुझं कधीच फारसं चुकत नव्हतं गं."

अडीच सेकंद गेले. मग आणखी गेले. डॉक्टर फोन कानाशी घट्ट धरून बसले. अडीचच्या पुढची ती शांतता कुठल्याही डबीची नव्हती, लेकीची होती. त्यांना हवा होता तो गचका अखेर आला होता.

मग अगदी हळू, घाबरलेल्या आवाजात तिने विचारलं, "बाबा... हे तुम्हीच बोलताय ना?"