चौकटीवरचा हार

"मॅडम, हरिओम चोरीला गेला!"

फोनवर ताहेरा रडत होती. फौजदार मोनालीच्या टेबलावर घटस्थापनेच्या बंदोबस्ताचे कागद पसरले होते. तिने ते बाजूला सारले.

"माणूस की फोटो?"

"फोटो. त्याच्याविना माझं प्रदर्शन म्हणजे नाकाविना चेहरा. दुपारी पुण्याचे परीक्षक येणार. त्यांनी निवडलं तर मला वर्षभर शिकायला मिळेल, मॅडम."

भोकरदनच्या शाळेच्या सभागृहात ताहेराचे फोटो लोखंडी स्टँडांवर टांगले होते. तव्यावरचा हात, कापसात बुडालेली पोर, ओल्या भिंतीवरची पोपडी. रोज डोळ्यांसमोरून जाणारं सगळं, पण इथं थांबून पाहावं लागत होतं. दारासमोरचा स्टँड मात्र रिकामा होता.

ताहेराने मोबाइलवर फोटो दाखवला. वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सारलेला एक तरुण. मागे मोहर झडावा तशा ठिणग्या झडताहेत आणि तो पोट धरून हसतोय.

"कोण हा?"

"टेंभुर्णीचा हरिओम. बद्रीनाथभाऊंच्या वर्कशॉपात होता. गेल्या थंडीत काढला मी फोटो. होळीनंतर तो पुण्याला गेला म्हणे."

मोनाली खाली वाकली. फरशीवर झेंडूच्या पाकळ्या. स्टँडच्या पायाशी लोखंडी नट, बाजूला राखेची बारीक रेघ.

"स्टँडचाच निसटला असेल," ताहेरा म्हणाली.

मोनालीने नट उचलला. भोकात उदबत्तीची जळकी काडी अडकली होती.

"आणखी काय पडलं होतं इथं?"

"काही न्हाई. खिडकीत कोणीतरी उष्टा द्रोण ठेवला होता, तो मी टाकला."

मोनालीने कचऱ्याच्या टोपलीतून द्रोण काढला. वाळलेली खीर, पुरीचा तुकडा, एक अख्खा उडदाचा वडा. कोणी तोंडही लावलं नव्हतं. हा रंग, हा वास ती कालच आपल्या घराच्या गच्चीवर ठेवून आली होती.

"पुंजाराम! काल शेवटी कोण होतं इथं?"

शाळेचा शिपाई पुढे आला. "बद्रीनाथशेठ. श्टँड त्यांचेच. पाय डुगडुगतात म्हणून एकटेच ठोकत बसल्ते. किल्ली घरी आणून दिली."

"सकाळी?"

"मी झाडायला दार उघडलं तर एक म्हातारी दारात उभी. म्हणली, पोरीनं बोलावलंय, माझा ल्योक पाहायचाय. म्या म्हणलं, कोणता तुमचा? तर नुसतीच हसली. मी पाणी आणायला गेल्तो, आलो तर गायब."

"मालनबाई!" ताहेरा दचकली. "हरिओमच्या आई. पण त्या कशाला चोरतील?"

मालनबाई बसस्टँडवर सापडली. पाटाएवढा फोटो पदरात गुंडाळून, तान्हं लेकरू घ्यावं तसा तिने छातीशी धरला होता.

"आजी, फोटो का आणला?"

"मंग काय तिथंच ठेवू?" म्हातारी उसळली. "जित्या लेकराला हार घातला! उदबत्ती लावली! पोरगं पुण्यात कमावून राह्यलं अन् तुम्ही इथं त्याला देव करून ठेवता? तोडला मी. फेकला खिडकीतून. मरो तो हार घालणारा!"

"हरिओमचा फोन येतो?"

"येतो की. बद्रीच्या फोनवर. माझ्याकडं कुठला फोन, बाई. बद्री येऊन सांगतो, बरा हाय, जेवतो बराबर."

"आवाज कधी ऐकलात?"

मालनबाईने फोटोवरचा पदर नीट ओढला. मग हळूच म्हणाली, "बद्री म्हणतो, तिकडं त्याला येळच न्हाई."

मोनाली आणि हवालदार तिला घेऊन सभागृहात परतले. बद्रीनाथला तिथं बोलावल्यावर तो लगेच आला. फोटो पाहिला आणि नजर खाली वळवली.

"मालनकाकू, तुम्ही कशाला तकलीफ घेतली?"

"बद्रीनाथ," मोनाली म्हणाली, "हरिओमला फोन लावा. स्पीकरवर. आईला बोलू द्या."

"आत्ता कामावर असंल तो."

"लावा."

त्याने मोबाइल काढला. अंगठा काचेवर थांबला. काच उजळली, विझली. मालनबाई कान देऊन बसली होती.

"लावत का न्हाईस रे?"

मोनालीने नट त्याच्यासमोर ठेवला. "वर्कशॉपात रोज सकाळी मशिनीपुढं उदबत्ती कशात खोचता?"

त्याने नटाकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

"चोरी झालीच नाही," मोनाली म्हणाली. "आईने लेकराला अपशकुनापासून वाचवलं, एवढंच. खरा प्रश्न हाराचा होता. काल सर्वपित्री अमावस्या. खिडकीत पितरांचं पान होतं, कावळ्यासाठी. ताहेराला ते उष्टं वाटलं. पुंजाराम तर हरिओमला ओळखतही नाही. सगळ्या गावाच्या हिशेबी हा पोरगा जिवंत. मग त्याला हार कोण घालेल? तो मेलाय हे ज्याला ठाऊक आहे, तोच. काल इथं एकटं कोण होतं?"

बद्रीनाथ रिकाम्या स्टँडच्या पायाशी बसला.

"शॉक लागला त्याला," तो फरशीला सांगत होता. "वायर उघडी होती. तोच म्हणल्ता, भाऊ, बदला. मी म्हणलं, उद्या. लोक मला फाडून खातील म्हणून घाबरलो. वर्कशॉपातच पुरला. वरून कोबा केला. रोज त्याच्यावर उभा राहून काम करतो, मॅडम. काल सगळ्यांची पानं वाढली. त्याला कोण वाढणार? त्याच्या आईला तर... अन् तो समोरून हसत होता."

हवालदाराने बद्रीनाथचा दंड धरला. तो निमूट चालू लागला.

मालनबाईने फोटोवरचा पदर सोडला. काचेवरून बोट फिरवलं, केसांपासून हनुवटीपर्यंत. ताहेरा तिच्याजवळ बसली.

"आजी, फोटो घरी घेऊन जा. मला नको ती परीक्षा."

"न्हाई. लाव तिथंच. हसून राह्यलाय, तर पाहू दे लोकांला."

ताहेराने फोटो स्टँडवर टांगला. म्हातारी फरशीवर हात टेकून पाकळ्या गोळा करू लागली. ओंजळ भरेना.

"एकच हार आल्ता माझ्या लेकराला," ती म्हणाली, "तो बी म्याच तोडला."