नाव लिवायची जागा

बस, अंकुशा. दिवा ऱ्हाऊ दे तिथंच. मला गोड बोलता येत नाय, तुला म्हाइत हाय. सांगतो ते आयक नि मंग घरी जा.

भाताची लावनी झाली, तरी माजी तेजल गावाला आली नाय. बोयसरला ती पुस्तकं बनवते. कागदाची नाय, मोबाईलमदे उघडायची. इंटरनेटची पानं बनवतात ना, तशीच बनवायची. चित्राला बोट लावलं का चित्र हालतं, बोलतं. म्हनलं, बोटं लावायच्या नादात बापाला इसरली. डोकं तापलं. पिशवीत तांदूळ नि सुकट घेतली नि सरावलीला, तिच्या खोलीवर गेलो.

दुपार व्हती. पावसानं उघडीप दिलेली. कारखान्यांचा आंबट वास गल्लीत भरलेला. चाळीच्या गॅलरीत बाजूच्या खोलीतली किंजल कपडे वाळत घालत व्हती.

"काका, बरं झालं आलात," ती हळूच बोलली. "तेजल कामाला जात नाही. मावशी आल्यापासून बाहेरच येत नाही."

"कोन मावशी?"

"तिची आई. दिवसभर गातात ना आत."

"तिची आय शिमग्यात मेली," मी बोललो.

किंजलनं हातातला वला कपडा तसाच बादलीत टाकला, आत गेली नि कडी लावली.

मी तेजलच्या दाराला लाथ घातली. कडी नव्हतीच.

खिडकीवर चादर बांधलेली. बाहेर ऊन, आत काळोख. नि वास लग्नघराचा... वल्या शेनाचा, तांदळाच्या पिठाचा. फरशीच्या खोलीत शेन कुठनं आलं? मदी तेजल बसलेली, नवरी बसते तशी, पाय दुमडून. मांडीवर टॅब. गाल पार बसलेले.

"जेवलीस का?"

"आय बोलली, लगीन लागल्याबिगर जेवायचं नाय."

मला भ्या वाटलं का मी वराडतो. "कोनाचं लगीन? काय बडबडतेस?"

तिनं टॅब माज्याकडं फिरवला. गेरूच्या रंगाच्या पानावर लग्नाचा चौक, भितीवर तांदळाच्या पिठानं काढतात तसा, नि चौकावर चादर टाकलेली. माजी जमुना धवलेरी व्हती ना. आपल्या पाड्यावरची लग्नं तिच्याच गान्यानं लागलेली. ती गायची तवा चौकावरची चादर निघायची, देव नि आपले मेलेले मांडवात यायचे. जमुना जिती असताना तेजलनं ते गानं फोनात भरून घेतलेलं. त्याचंच हे पुस्तक, शाळेतल्या पोरींसाठी.

"हितं नाव लिवायची जागा हाय," तेजल बोलली. "नाव लिवून चादरीला बोट लावायचं. चादर सरते, आय गाते, नि नवरीच्या जागी आपलं नाव दिसतं."

त्या जागेत तेजल लिवलेलं. तिनं बोट लावलं.

जमुनाचा आवाज. तोच, घशात जरा खरखर असलेला. डोळं भरलं माजं. गानं देवांना बोलवत गेलं नि मदीच तुटलं. मंग कायच नाय... मंग कानाशी तोंड आनल्यागत,

"तेजल... ये."

"हे कवा भरलंस?"

"नाय भरलं, बाबा. नाव नुसतं दिसायला पायजे. मी सगळं उघडून बघितलं. आत असा आवाजच नाय..."

"नि धाडनी कुठं हाय?"

तिनं टॅब छातीशी धरला.

"धाडनी, पोरी. बोलावलेल्यांना माघारी धाडायचं गानं. ते गायल्याबिगर तुजी आय पानी पीत नव्हती."

"पुस्तक जड झालं व्हतं. उघडाया येळ लागायचा." ती खाली बघून बोलली. "मी शेवट कापला. मूळ गानं आता नाय, बाबा. तो फोन बिघडला."

मी हात उगारला. तिनं तोंडापुढं हात धरले, तवा तिची नखं दिसली. पिवळी. हळद मुरल्यागत. बोटं पिवळी, मनगट पिवळं.

"कोनी लावली?"

"कोनी नाय. रोज थोडी वर चढते..."

हात खाली आला माजा. वाटलं, जमुनाच हाय. तिकडं एकटी पडली, पोरीला बोलवते. तिला समजवायचं तं नवऱ्यानंच. मला लिवता येतं ते माजं नाव, तेवढंच. तेजलचं नाव तिच्याकडनं पुसून घेतलं नि अक्षरं शोधून शोधून भिका लिवलं.

"जमुना," बोललो, "पोरीला सोड. न्यायचं तं मला ने."

नि चादरीला बोट लावलं.

गानं आलं. त्याच जागी तुटलं. शेनाचा वास आनखी दाटला. तेजलनं माजा सदरा घट धरला...

"भिका... ये."

अंकुशा, तुजी बायको तुला कशी हाक मारते? जमुना मला "तेजलचा बापूस" बोलायची. रेशनच्या दुकानात कोनी नवऱ्याचं नाव इचारलं तं शेजारनीला पुढं करायची, मी चिडायचो तरी. दवाखान्यात जीव जाताना पन तिनं "आवं" बोलून हाक मारली. आख्ख्या जलमात माजं नाव तिच्या तोंडातनं निघालं नाय.

ती जमुना नव्हती. तिच्या आवाजात दुसरंच कोन येऊन बसलेलं. नि त्याला माजं नाव मी माज्या हातानं दिलं.

टॅब फरशीवर आपटला, टाचेनं फोडला. पोरीला खांद्यावर टाकून घरी आनली. आता जेवते ती. हळद उतरली तिची. पन पुस्तक शाळांना आधीच गेलेलं, तुज्या पोरीच्या मोबाईलमदे पन असंल. म्हनून बोलावलं तुला. घरी जा नि बघ, त्या जागेत तिनं नाव लिवलंय का.

माजं काय इचारतोस. दुपारी शेतात मागनं हाक येते. मी वळत नाय, आयमायवरनं शिव्या देतो. शिव्या संपेपातुर ते गप ऱ्हातं, मंग परत बोलवतं.

आता आन तो दिवा. हितं, माज्या हाताशी. परवा नुसती नखं पिवळी व्हती... बघ, कुठवर आलीय.